बत्तीस घरं

म्हापशाला, शुक्रवारच्या बाजारामागे
भाजीपावाच्या दुकानात
अल्विटो फुर्तादो मला किंमत विचारतो.
त्याचा कारखाना पिळर्णला, म्हणजे दोन खोल्या,
जळक्या शिशाचा वास आणि बिलं करणारी बायको.

एक यंत्र सरकवतो माझ्यापुढे,
शाळेच्या पाटीहून लहान.
काठावर बारीक टाचण्या वर येतात, खाली जातात,
उकळीआधी झाकण बोटाखाली थरथरतं तशा.

"वीस घरं ठेवू की बत्तीस?
एक घर मला बावीसशेला पडतं.
वीसाचे चव्वेचाळीस हजार,
बत्तीसचे सत्तर हजार चारशे.
बाकी सगळं पाव, ज्योत्स्नाबाय,
घरं म्हणजे भाजी."

मी आधी माझं नाव लिहून बघते.
अर्धा ज, य, ओ, अर्धा त, अर्धा स, न, आ,
आणि प्रत्येक अर्ध्याच्या आधी एक ठिपका,
त्यालाही स्वतःचं घर लागतं.
दहा गेली.
एक मोकळी जागा, मग धुमे, चार.
उरली पाच.
पाचांत नमस्कारसुद्धा मावत नाही, अल्विटो.

तो हसत नाही. पेन्सिल खरवडते कागदावर.

मी केरीच्या नाटकांना प्रॉम्प्टर, बारा वर्षं.
विंगेत मला दिवा लागत नाही,
मंडळाला तेवढंच बरं.
राजा पद विसरतो, ऑर्गनवाला सूर लांबवत बसतो,
माझं बोट तेव्हा पुढच्या ओळीवर असतं.
एका नाटकाचे जाड कागदाचे सहा गठ्ठे.
खाऱ्या वाऱ्यानं ठिपके बसतात.
तिसऱ्या अंकातला खलनायक तर इतका झिजलाय
की त्याला मी पाठच करून टाकलंय.

डावा हात वाचतो,
उजवा पडदेवाल्याच्या खांद्यावर.
म्हणून पुढच्या ओळीची कळ डाव्या अंगठ्याखाली दे.
आणि ही तुझी कळ टक् करते.
मरणाऱ्या राजाच्या तोंडावर टक्?
"खाली रबर घालतो. तीनशे."
घाल.

बोलणारा आवाज काढ,
माझ्या विंगेत एकच कुजबूज पुरे.
कॅमेरा काढ. कशाचा फोटो काढू मी?
नेट काढ, केरीला तसंही ते लाटेसारखं येतं-जातं.
"आणि वरचा छोटा पडदा? चार हजार."
तो कुणासाठी?
"डोळसांसाठी. शिक्षक, आईबाप.
त्यांना कळायला नको, पोर काय लिहितंय?"

इथे मी अडकते.
सहाच ठिपके आहेत, शिकू देत, असं ओठांवर आलेलं.
पण माझी आई आठवली,
सुपाच्या पाठीवर मसुराचे दाणे खळीनं चिकटवून
रात्री माझ्याआधी अक्षरं शिकणारी.
प्रत्येकाच्या घरात सूप असतं,
रात्र शिल्लक असतेच असं नाही.
पडदा वेगळा विक, म्हटलं. वर लावता येईल असा.

मग तो हळू आवाजात म्हणतो,
"शाळेच्या मुलांना वीसवालं करू का? स्वस्त पडेल."
भाजी गार झालेली.
लहान मुलाला लहान ओळ?
अरे, लांब प्रश्न तर तेच विचारतात,
आणि वीस घरांत
प्रश्नचिन्ह येईस्तोवर सुरुवात पुसली जाते.

शेवटी बत्तीस, रबर, अंगठ्याची कळ,
खाऱ्या हवेसाठी घट्ट झाकण,
हाताखालच्या घामासाठी निचरा.
आकडा त्याच्या तोंडून निघत नव्हता.
सोळा हप्त्यांत, असं काहीतरी पुटपुटला.
माझ्या एका प्रयोगाची बिदागी नऊशे.
मी मनातल्या मनात जत्रा मोजू लागले,
शिमग्यापर्यंत पोचले आणि सोडून दिलं.

उठताना त्याला सांगितलं,
खोक्यावर किंमत ठिपक्यांतही उठव.
दुकानदाराच्या तोंडाची किंमत दर दुकानाला बदलते.

पावाचे पैसे त्यानं दिले.
मी नको म्हटलं नाही.